एकशे दहाचं टाका

पेट्रोलपंपावर आजकाल "शंभरचं टाका" फारसं ऐकू येत नाही. लोक एकशे दहाचं मागतात, दोनशे वीसचं मागतात. एखादा जास्तच हिशोबी गडी तीनशे सत्तावन्न रुपये म्हणतो आणि विजयी नजरेने मशीनकडे बघत राहतो. त्याच्या मागचा माणूस गाडीवरून न उतरता मान लांब करून 'झीरो' बघतो. तिसरा टाकी भरल्यावर गाडी डावी-उजवीकडे हलवतो. चौथा नोझल बाहेर निघायच्या आत पाइप वर उचलायला सांगतो, आत अडकलेलं त्याच्या हक्काचं पेट्रोल खाली यावं म्हणून. पाचवा इथे दिसत नाही, कारण तो सकाळी सहालाच येऊन गेला. थंडीत पेट्रोल घट्ट असतं आणि जास्त मिळतं, असं त्याला कुणीतरी सांगितलंय.

यातल्या कुणालाही विचारा, की हे का करता? उत्तर येतं, "सगळेच करतात." सगळे करतात आणि कारण कुणालाच नीट सांगता येत नाही, अशी गोष्ट दिसली की तिथे इतिहास पुरलेला असतो. देवळात शिरताना उंबरठ्यावर पाय न देणारा माणूस आणि पंपावर झीरो बघणारा माणूस, दोघेही आधीच्या कुणाचा तरी अनुभव पुढे नेत असतात. पंपावरची जवळजवळ प्रत्येक लकब कधीतरी अगदी शहाणपणाची होती. परिस्थिती बदलली, यंत्रं बदलली आणि सवय तेवढी मागे राहिली. ती कशावर बेतलेली होती हे शोधत गेलं, की गेल्या शंभर वर्षांत आपला कुणावर विश्वास होता आणि कुणावर नव्हता, याची एक यादीच हाती लागते.

काचेतून दिसणारं पेट्रोल

सुरुवातीला पंपच नव्हते. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांसोबत मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरचा प्रवास. वाटेत इंधन संपलं तेव्हा तिने वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. कपड्यांवरचे डाग काढायला वापरायचा तो द्रव. जगातलं पहिलं 'फिलिंग स्टेशन' म्हणून आज त्या दुकानाचं नाव घेतलं जातं. तिथे फसवणुकीचा प्रश्न नव्हता. बाटली समोर, माप समोर.

प्रश्न आला तो इंधन जमिनीखालच्या टाकीत गेल्यावर. अमेरिकेत फोर्ट वेन इथल्या सिल्व्हेनस बाउझरने १८८५ मध्ये रॉकेल मोजून देणारा पंप बनवला आणि १९०५ मध्ये त्याच कल्पनेचा मोटारींसाठीचा पंप बाजारात आणला. गिऱ्हाइकाला आता एकच दिसत होतं, एक लोखंडी पेटी आणि एक पाइप. आत किती गेलं, काय गेलं, कळायला मार्ग नाही. लोकांनी कुरकुर केली आणि त्यातून आला काचेचा पंप. वरच्या बाजूला मोठा काचेचा गोल नळा, त्यावर मापाच्या खुणा. पंपवाला दांडा हलवून पेट्रोल वर चढवायचा, गिऱ्हाईक खूण बघायचं, रंग बघायचं, मग ते निव्वळ उतारावर वाहत गाडीत यायचं.

या पंपाचा पाइप प्रत्येक गिऱ्हाइकानंतर रिकामा व्हायचा. म्हणजे शेवटी पाइपात जे उरेल ते खरोखरच तुमचं असायचं. पाइप उचलून झटकणं ही त्या यंत्रासमोर शंभर टक्के बरोबर कृती होती. आजच्या पंपात मोजणारा मीटर पाइपाच्या अलीकडे असतो आणि पाइप कायम भरलेलाच असतो. तुमच्या आधीच्या माणसाने भरलेला ठेवला, तुम्ही पुढच्यासाठी भरलेला ठेवता. झटकून मिळतात ते चार थेंब. तरी हात वर जातोच.

झीरोचंही तसंच. आकड्यांच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या यांत्रिक पंपात प्रत्येक विक्रीनंतर चाकं हाताने शून्यावर आणावी लागत. पंपवाला विसरला, किंवा सोयीस्करपणे विसरला, तर आधीच्या गाडीचं एक लिटर तुमच्या हिशोबात यायचं. तेव्हा झीरो बघणं म्हणजे पाकीट सांभाळण्याइतकं साधं काम होतं. आता नोझल उचललं की यंत्र आपोआप शून्यावर येतं. तरीही पंपावरची मुलं स्वतःहून "झीरो बघा दादा" म्हणतात. हे वाक्य आता नमस्कारासारखं झालंय. त्याने घालायचा आणि आपण मान हलवून घ्यायचा.

झीरोची सवय मात्र मला निरुपयोगी वाटत नाही. आधीच्या गिऱ्हाइकाचं भरणं तसंच पुढे चालू ठेवण्याची चलाखी आजही करता येते. एकाने बोलण्यात गुंतवायचं आणि दुसऱ्याने नोझल न ठेवताच पुढे भरायचं. यंत्र सुधारलं तरी माणसाचं लक्ष विचलित करण्याची कला जुनीच आहे.

आडवी केलेली स्कूटर

गाडी हलवण्याच्या सवयीचा पत्ता जास्त जवळचा आहे, पुण्याजवळचं आकुर्डी. बजाज चेतक १९७२ मध्ये आली आणि पुढची दोन दशकं मध्यमवर्गाने तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली. चेतकचं इंजिन टू-स्ट्रोक. अशा इंजिनाला वंगणासाठी वेगळं तेल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. पंपावर एका हाताला पेट्रोलचं मशीन आणि दुसऱ्या हाताला ऑइलचा छोटा पंप किंवा मापाचा डबा असायचा. साधारण दोन टक्के, म्हणजे लिटरमागे वीस मिली ऑइल. कमी पडलं तर इंजिन सीझ, जास्त झालं तर मागे निळा धूर आणि प्लग काळा.

ऑइल जड. पेट्रोलमध्ये नुसतं ओतलं तर तळाशी बसायची भीती. म्हणून टाकी बंद करून गाडी दोन्ही बाजूंना चांगली हलवायची. लहान मुलांना या कामात विशेष रस असायचा. पुढे फोर-स्ट्रोक मोटरसायकली आल्या, त्यांना पेट्रोलमध्ये ऑइल लागत नाही. पण ज्यांनी वडिलांना गाडी हलवताना पाहिलं, ते आजही हलवतात. विचारलं तर म्हणतात, "हवा निघून जाते."

याच काळातली दुसरी देणगी म्हणजे रिझर्व्ह. पेट्रोलचा काटा नव्हता किंवा असून नसल्यासारखा होता. टाकीखाली कॉक असायचा. गाडीने आचके दिले, की चालत्या गाडीवर डावा हात खाली घालून कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. पुढे किती किलोमीटर जाईल हे प्रत्येकाला आपापल्या गाडीचं पाठ असायचं. आणि रिझर्व्हही संपलं तर गाडी रस्त्याच्या कडेला आडवी करायची. टाकीच्या ज्या कोपऱ्यातून पेट्रोल कॉकपर्यंत येत नाही, तिथलं शेवटचं पावशेर त्याने सरकतं. आडवी करायची, उभी करायची, किक मारायची. पंप येईपर्यंत पुरायचं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. कार्ब्युरेटर गेला, त्याच्यासोबत बहुतेक गाड्यांवरचा रिझर्व्हचा कॉकही गेला. आता इंजेक्शनच्या गाडीत टाकी कोरडी करणं पंपाच्या तब्येतीला वाईट, कारण टाकीतला पेट्रोलपंप त्याच पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. पण "अजून रिझर्व्ह बाकी आहे" हा हिशोब डोक्यातून गेलेला नाही. काटा लाल रेषेला टेकल्यावर जो निवांतपणा आपल्याकडे दिसतो, तो त्या कॉकने दिलेला आहे.

मध्यरात्रीपासून

आता टाकी 'फुल्ल' करणाऱ्यांकडे वळू. नोझल आपोआप बंद झाल्यावरही "अजून थोडं बसेल, राउंड फिगर करा" म्हणणारी ही माणसं. त्यांच्या मागे टंचाईचा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, कुपनं आली. पेट्रोल मिळेना तेव्हा बसगाड्यांच्या मागे कोळशाची भट्टी जोडून त्या गॅसवर गाड्या चालवल्या गेल्या. घाटात प्रवाशांनी उतरून ढकलायच्या त्या कोळशाच्या गाड्यांच्या गोष्टी अनेक घरांत अजून सांगितल्या जातात.

मग १९७३. ऑक्टोबरमध्ये अरब तेलउत्पादक देशांनी निर्यातीवर बंधनं आणली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरच्या आसपासून बारा डॉलरच्या जवळ गेला. भारतात पेट्रोल महागलं. नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत आले. पुढच्या तीन-चार वर्षांत परदेशी तेलकंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. एस्सोची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली, १९७६ मध्ये ताब्यात घेतलेल्या बर्मा शेलची पुढे भारत पेट्रोलियम. त्याच १९७४ ते ७६ दरम्यान मुंबईपासून दूर समुद्रात 'सागर सम्राट'ने शोधलेलं बॉम्बे हायचं तेल किनाऱ्याला लागलं.

राष्ट्रीयीकरणानंतर पंपावरचा भाव पूर्णपणे सरकारच्या हातात गेला. भाव वर्षवर्ष हलायचा नाही आणि हलला की धाडकन. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हा आपल्याकडे 'गल्फ सरचार्ज' लागला. संध्याकाळच्या बातम्यांत "नवे दर आज मध्यरात्रीपासून" हे शब्द आले, की घरातला एक माणूस उठून चपला घालायचा. रात्री आठ ते बारा या वेळात गावातल्या पंपावर रांग लागायची. त्या रांगेत उभं राहून एका टाकीमागे वाचायचे फारफार तर काही रुपये. पण सरकारवर मिळवलेला तो एवढाच विजय असायचा आणि तो घरी येऊन सांगता यायचा.

ही धास्ती अजून ताजी आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. ज्या थोड्या ठिकाणी त्या चालणार होत्या त्यांत पेट्रोलपंप होते. काही तासांत रांगा लागल्या. "सुट्टे नाहीत, पूर्ण पाचशेचं घ्या" हे वाक्य त्या दिवसांत देशभर ऐकू आलं. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत नव्या हिट-अँड-रन कायद्याविरोधात टँकरचालकांनी काम थांबवलं, तेव्हा महाराष्ट्रातल्या शहरांत पुन्हा तेच. काहींनी टाकी आदल्या दिवशीच भरली होती, तेही रांगेत. व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला की पुढच्या तासाभरात तो फोटो खरा होतो. टंचाईची भीतीच टंचाई घडवते आणि मग सगळे म्हणतात, बघा, आम्ही म्हणत होतो.

शंभरात किती येतं

सरकारी दरांची पद्धत १ एप्रिल २००२ रोजी कागदोपत्री संपली. प्रत्यक्षात पेट्रोल जून २०१० मध्ये मुक्त झालं, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये. मग काही काळ महिन्याच्या १ आणि १६ तारखेला दर बदलत. १६ जून २०१७ पासून दर रोज बदलू लागले, सकाळी सहा वाजता. मध्यरात्री गेली, तिच्यासोबत ती रांगही गेली. रोज पाच-दहा पैशांसाठी कोण उभं राहणार?

इथेच 'लिटर' आपल्या बोलण्यातून गेला. भाव स्थिर असताना लोक दोन लिटर, पाच लिटर मागत. भाव रोज हलू लागल्यावर रुपयांत मागणं सोपं झालं, कारण खिशातलं बजेट तेवढंच पक्कं. त्यातूनच तो प्रसिद्ध विनोद आला, "भाव कितीही वाढू दे, मी शंभरचंच टाकतो." विनोद म्हणून ठीक, पण त्यात एक खरी गोष्ट लपली आहे. रुपयांत मागणाऱ्याला वाढ दिसतच नाही. पैसे तेवढेच जातात, फक्त पंपावर यायचे दिवस जवळ येतात.

२९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने पहिल्यांदा शंभरी ओलांडली. शंभरात एक लिटरही येईना. त्याआधी फेब्रुवारीत भोपाळमध्ये एक मजेशीर प्रकार झाला होता. तिथे महागडं प्रीमियम पेट्रोल शंभरपार गेलं आणि काही जुन्या मशीनवर तीन आकडी दर दाखवायला जागाच नव्हती. विक्री थांबवावी लागली. कोड लिहिणाऱ्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटतो. ज्याने ते मशीन बनवलं त्याच्या कल्पनेत दर ९९.९९ च्या पुढे जाणारच नव्हता.

रोजच्या दरांनी एक नवी लकबही दिली, निवडणुकीचं पंचांग. कागदावर दर रोज बदलतात. प्रत्यक्षात पाच राज्यांच्या निवडणुकांच्या आधीपासून ते जवळजवळ साडेचार महिने हलले नाहीत आणि निकाल लागून गेल्यावर २२ मार्च २०२२ पासून पुढच्या सोळा दिवसांत चौदा वेळा वाढले, एकूण दहा रुपयांनी. तेव्हापासून मतदानाचा शेवटचा टप्पा आला की टाकी भरून ठेवणारी माणसं वाढली. त्यांना वेडं कसं म्हणायचं?

आणि सीमेवरची माणसं तर हिशोबात सगळ्यांच्या पुढे. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा कर वेगळा. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि लिटरमागे सुमारे अकरा रुपये कमी झाले. सावंतवाडी-बांद्याकडच्या माणसाला पत्रादेवीच्या पलीकडे काही ना काही काम निघू लागलं. पुढे गोव्याने कर वाढवला, फरक कमी झाला, पण गोव्याहून परतताना सीमेच्या अलीकडे टाकी भरण्याचा शिरस्ता टिकला. मुंबई-पुण्याचे पर्यटकही तो पाळतात.

ठरलेला पंप

इथवर सगळं गमतीत घेता येतं. पुढची सवय तशी नाही.

"आमचा पंप ठरलेला आहे." प्रत्येक घरात हे वाक्य असतं. कंपनीचा स्वतःचा पंप असेल तर उत्तम, हायवेवरचा अनोळखी पंप शक्यतो नको. रात्री आडवाटेला तर नकोच. टँकर खाली होत असताना भरायचं नाही. या सगळ्या नियमांच्या मुळाशी भेसळ आहे आणि भेसळीच्या मुळाशी भावातला फरक.

रेशनवरचं रॉकेल गरिबाच्या स्टोव्हसाठी स्वस्त ठेवलं होतं. डिझेल त्याच्या कितीतरी पट महाग. दोन्ही द्रव एकमेकांत बेमालूम मिसळतात. रेशनचं रॉकेल ओळखू यावं म्हणून त्याला निळा रंग दिला, तर रंग घालवायच्या युक्त्या निघाल्या. दर लिटरमागचा तो फरक लाखो लिटरने गुणला की त्यातून माफिया तयार होतो. गिऱ्हाइकाला जाणवायचं ते एवढंच, की गाडी धूर टाकते, अॅव्हरेज पडलंय, इंजिन ठोकतंय.

१९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यात मंजुनाथ षण्मुगम याला गोळ्या घालून मारलं. इंडियन ऑइलचा विक्री अधिकारी, लखनौच्या आयआयएममधून शिकलेला, वय २७. भेसळ सापडलेला पंप त्याने बंद करायला लावला होता आणि तो पुन्हा तपासायला गेला होता. मुख्य आरोपीला झालेली फाशी पुढे जन्मठेपेत बदलली. मंजुनाथ माझ्याच वयाचा होता, त्याच्याकडेही इंजिनिअरिंगची पदवी होती. या वयात आपल्या कामातली चूक दिसली तर आपण तिकीट काढतो आणि दुसऱ्या टीमकडे ढकलतो. त्याने स्वतः गाडी काढली.

महाराष्ट्राला त्यासाठी लांब बघावं लागत नाही. मनमाडजवळ पानेवाडीला तेलकंपन्यांचे मोठे डेपो आहेत, तिथून राज्याच्या मोठ्या भागात टँकर जातात. २५ जानेवारी २०११ ची दुपार. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना वाटेत टँकरमधून चालणारा गैरप्रकार दिसला. ते थांबले, त्याचं चित्रण करू लागले. तिथे त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यांना जिवंत जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्यानंतर राज्यभरातले सरकारी कर्मचारी संपावर गेले, धाडी पडल्या, अटका झाल्या.

त्यानंतरच्या दशकात रॉकेलवरचं अनुदान कमी होत होत संपलं, घराघरात गॅस आला आणि भावातल्या त्या फरकाचा कणाच मोडला. भेसळ पूर्ण संपली असं म्हणता येणार नाही, पण रॉकेलच्या भेसळीचं जुनं गणित आज तसं जमत नाही. आपण मात्र ठरलेल्या पंपावरच जातो. मनमाडची बातमी ज्यांनी त्या आठवड्यात वाचली, ते रस्ता सोडून दोन किलोमीटर आत जाऊन पेट्रोल भरत असतील तर त्या सवयीला हसू येत नाही.

एकशे दहाचं कोडं

आता सुरुवातीच्या माणसाकडे परत. एकशे दहा का?

समज असा, की मशीनवर १००, २००, ५०० ची बटणं आधीच 'सेट' केलेली असतात आणि त्यांत पेट्रोल कमी येतं. वेगळा आकडा सांगितला की सेटिंग चालत नाही. या समजाला आधार मिळाला २०१७ मध्ये. एप्रिलमध्ये लखनौत पोलिसांच्या विशेष पथकाने पंपांवर धाडी घातल्या. मशीनच्या आत इलेक्ट्रॉनिक चिप सापडल्या, काही तर रिमोटवर चालणाऱ्या. त्याच उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातल्या अनेक पंपांवर अशाच धाडी घातल्या. म्हणजे संशय खोटा नव्हता.

पण चोरी होते कुठे ते बघा. पंपाच्या आत पेट्रोल ज्या मीटरमधून जातं तो फिरतो. त्याला जोडलेला 'पल्सर' त्या फिरण्याचे विजेचे ठोके बनवतो. ठोके मोजून मशीन लिटर ठरवतं आणि लिटरला दराने गुणून रुपये. चोरीची चिप या ठोक्यांमध्ये भर घालते. आत ९५ ठोक्यांइतकं पेट्रोल गेलं असेल तर मशीनला १०० ठोके ऐकू येतात. रुपयांचा आकडा त्यानंतरचा हिशोब आहे. ठोकेच खोटे असतील तर शंभर मागा, एकशे दहा मागा किंवा टाकी फुल्ल करा, त्याच प्रमाणात कमी मिळणार.

समजा कुणी खास शंभरच्या बटणासाठी सेटिंग केलंच, तर निम्मा गाव एकशे दहा म्हणायला लागल्यावर त्याला तेही सेट करायला किती वेळ लागेल? सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड हा पासवर्ड राहत नाही.

सकाळच्या पेट्रोलचंही गणित मांडू. पेट्रोल दहा अंश तापलं की साधारण एक टक्का फुगतं. पण पंपाचा साठा जमिनीखाली असतो आणि तिथे दिवस-रात्रीचा फरक फारसा पोचत नाही. दहा अंशांचा फरक धरला तरी लिटरमागे दहा मिली, म्हणजे एक रुपया. त्यासाठी पहाटेची झोप मोडायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

कपाटातलं माप

गंमत अशी, की फसवणूक पकडायचं खरं साधन प्रत्येक पंपावर ठेवलेलं असतं. वैधमापन शास्त्र विभागाने प्रमाणित केलेलं पाच लिटरचं माप. शंका आली तर गिऱ्हाइकाने ते मागायचं, त्यात समोर पाच लिटर ओतून घ्यायचं. पंचवीस मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर तक्रार करायची. पल्सरमध्ये चोरी असेल तर ती इथे दिसते, कारण लोखंडी मापाला ठोके ऐकू येत नाहीत. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागायचा. त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला की दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जायला हवा. दोन्ही गिऱ्हाइकाचे हक्क आहेत, फुकट आहेत.

मग रांगेतले लोक माप का मागत नाहीत? कारण मागे दहा गाड्या हॉर्न वाजवत असतात. कारण समोरचा पोरगा आपल्याइतकाच कमावणारा किंवा कमी कमावणारा आहे आणि त्याला सगळ्यांदेखत चोर ठरवणं नको वाटतं. पल्सर त्याच्या हातात नाही, दर त्याच्या हातात नाही, डेपोतून आलेल्या टँकरमध्ये काय आहे हेही त्याला माहीत नसतं. तरी शंभर वर्षांचा सगळा संशय आपण त्याच्याच चेहऱ्यावर रोखून बघतो. आणि कारण हेही, की एकशे दहा म्हणणं सोपं आहे. भांडण नाही, वेळ जात नाही आणि आपण हुशारी केल्याचं समाधान मिळतं. आपण स्वतःपुरत्या युक्त्या जमवत गेलो आणि सगळ्यांच्या वतीने तपासायचं काम दुसऱ्या कुणावर तरी सोडलं. त्या कामात मंजुनाथ आणि सोनवणे एकटे पडले.

नव्या सवयी घडताना दिसत आहेतच. २०२५ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर पोचलं. त्यातलं बरंच आपल्याच साखर कारखान्यांचं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धर्तीच्या चारचाकींचं मायलेज सहा ते सात टक्के घटेल असा अंदाज होता, दुचाकींचं तीन ते चार. पंपावर मात्र लोकांना ते कुणी समजावून सांगितलं नाही, नेहमीच्या नोझलमधून नेहमीच्या भावाने येऊ लागलं. मग व्हॉट्सअॅप आलं, शंभर ऑक्टेनवालं घ्या, अमुक कंपनीचं घेऊ नका, तमुक पावडर टाकीत टाका. वीस वर्षांनी कुणीतरी अशीच एखादी बाटली टाकीत ओतत असेल आणि का विचारलं तर म्हणेल, सगळेच ओततात.

तोवर, पुढच्या वेळी रांग लहान असेल, दुपारची निवांत वेळ असेल, तर एकदा ते पाच लिटरचं माप मागून बघा. आवाज न चढवता, सहज चौकशी केल्यासारखं. पंपावरच्या मुलाला ते कपाटातून काढायला थोडं शोधावं लागेल. सोबत पाच लिटर मावेल एवढी रिकामी टाकी असू द्या, कारण मापातलं पेट्रोल शेवटी तुमच्याच गाडीत जायचं आहे.